बिनऔषधाचे जंतू

मॅडम दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात सेल बसवत होते. मान वर न करताच ओळखलं. समोरच्यानं हातातलं काम टाकून उभं राहावं म्हणून त्या कशा खाकरतात ते बहीण नक्कल करून दाखवायची, तशाच अजून खाकरत होत्या. मी काही उभी राहिले नाही. सेल बसवला, झाकण दाबलं, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि मग विचारलं, "पट्टा बदलायचाय का?"

"तुझी बहीण या वेळी घरी असते का गं?"

"कुठली? जिच्या हातात जंतूसुद्धा जगत नाहीत, ती?"

त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आमच्या घरात धाकटीला धांदल म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं. बाबा घड्याळजी. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरून आयुष्य काढलेला माणूस. स्क्रू उडतील म्हणून श्वाससुद्धा बेतानं सोडायचे. अशा माणसाच्या घरी ही पोर आली. चालताना उंबऱ्याला ठेच, जेवताना पाण्याचा पेला आडवा. "आली धांदल," बाबा म्हणायचे, "टेबल झाका रे." सगळे हसायचे. तीही हसायची. पण दुकानातल्या टेबलापाशी तिला कधी बसू दिलं नाही. मला दिलं. म्हणून मी शाळा अर्ध्यावर टाकून दुकानात चिकटले आणि ती शिकत गेली. आमच्या घरात ज्याला हत्याराला हात लावू देत नाहीत, त्याच्या हातात पुस्तक येतं.

शिकत शिकत ती मॅडमच्या प्रयोगशाळेत पोचली, डॉक्टरेट करायला. मोठी संस्था, मोठ्या बाई. तिथून ती रोज घरी यायची ती बडबडतच. मी गिऱ्हाईक नसलं की तिची पुस्तकं चाळायची, तिला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. मला जंतू कळतात ते असे. कुणी पदवी दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

त्यांचा जंतू पोटातला. ताप आणणारा, माणसाला आडवा करणारा.

"त्याच्या अंगावर सुया असतात, ताई," धांदल सांगायची. "आतड्याच्या पेशीला तो सुई टोचतो आणि आत काहीबाही सोडतो. मग पेशी काय करते माहितीये? तिचं अंग झग्याच्या झालरीसारखं फुलतं आणि ती स्वतःच त्याला कवेत घेऊन आत ओढते."

"म्हणजे चोराला घरच्यांनीच दार उघडलं."

"दार नव्हतंच गं तिथे. त्यानं ते तिच्याच हातून पाडून घेतलं."

असं बोलताना तिच्या डोळ्यांत जे दिसायचं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

मॅडमनी एक औषध शोधलं होतं. जंतूला मारणारं नव्हे, त्याची सुई बनवण्याची खोड मोडणारं. त्यांचं म्हणणं असं, की या औषधात जंतू बरेच दिवस वाढवला की तो सुई कायमची विसरतो. नंतर औषध काढून घेतलं तरी विसरलेलाच राहतो. खरं निघालं असतं तर मोठीच गोष्ट होती. ते सिद्ध करायला दोन ओळी चालवायच्या होत्या. एक औषधात वाढणाऱ्या जंतूंची. दुसरी बिनऔषधाची, तुलनेसाठी. तिला ते कंट्रोल म्हणतात. काम विरजण लावण्यासारखं. जंतू ज्यात वाढतात त्या पोषक पाण्याला ती सूप म्हणायची. कालच्या सुपातला थेंब आजच्या ताज्या सुपात. आठवड्यातून एकदा ते प्लेटवरच्या जेलीवर पसरायचं, जंतूंचे ठिपके उगवले की त्यातला एक टपोरा ठिपका उचलायचा आणि त्याच्यापासून पुढे चालू. "टपोरा बघून घ्या, मरतुकडा नको," हा मॅडमचा दंडक.

औषधाची ओळ मॅडमच्या लाडक्याकडे होती. त्याला सगळी प्रयोगशाळा लाडकाच म्हणायची, तोंडावरसुद्धा. बिनऔषधाची ओळ धांदलकडे.

मग परीक्षा. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर जंतू सोडायचे, जरा वेळ द्यायचा. नंतर वरून दुसरंच, जंतू मारणारं औषध ओतायचं, जे पेशीच्या आत शिरत नाही. बाहेर राहिलेले जंतू मरतात, आत घुसलेले बचावतात. मग पेशी फोडायच्या आणि आतून निघतील ते प्लेटवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी ठिपके भरपूर दिसले तर जंतू आत घुसले होते. प्लेट कोरी, तर घुसलेच नाहीत.

लाडक्याच्या प्लेटा कोऱ्या यायला लागल्या. मॅडम खूष. धांदलच्या प्लेटा भरलेल्या यायला हव्या होत्या. सुरुवातीला आल्या. मग विरळ झाल्या. मग त्याही कोऱ्या.

"काहीतरी सांडलंस," मॅडम म्हणाल्या. "फ्रीझरमधून मूळ जंतू काढ, पुन्हा सुरू कर."

तिनं केलं. प्लेटा भरल्या. काही आठवडे गेले, पुन्हा कोऱ्या. पुन्हा फ्रीझर. पुन्हा भरल्या, पुन्हा कोऱ्या. ती हात धुवून धुवून कातडं सोलून घ्यायची. पेले धुतानाही कुजबुजत मोजायची. बाबा म्हणायचे, "घाई करत असशील. घाई तुझ्या रक्तातच आहे." मी म्हटलं, "लाडक्याला सांग ना एकदा तुझी ओळ करायला." तर म्हणाली, "त्याला कशाला त्रास? त्याचं नीट चाललंय."

सोमवारी तिथे सगळ्यांची बैठक असायची. पायऱ्यापायऱ्यांचा हॉल, पुढे पडदा. त्या सोमवारी धांदलनं कोऱ्या प्लेटांचे फोटो दाखवले. मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "हिचा हातच घाण आहे. हिच्या हातात जंतूसुद्धा जगत नाहीत."

हॉल खदखदून हसला. विनोद चांगला होता, म्हणूनच तो टिकला. कँटीनमध्ये कुणाचा चहा सांडला तरी लोक तो म्हणायला लागले.

धांदल त्या दिवशी घरी आली आणि तिनं तो विनोद आम्हाला स्वतःच सांगितला, मॅडमची नक्कल करून. बाबा पोट धरून हसले. "मी काय म्हणत होतो?" म्हणाले.

नंतर तिनं डॉक्टरेट सोडली. कुणी काढलं नाही हो तिला. नुसती जायची थांबली. मॅडमचा निबंध मोठ्या मासिकात छापून आला, त्यातली तुलना फ्रीझरमधून नुकत्याच काढलेल्या जंतूंशी. आभाराच्या ओळीत हिचं नाव टाकलं होतं, कंट्रोल सांभाळल्याबद्दल. काय उपकार!

तेव्हापासून धांदल बसस्थानकावर घोषणा करते. काचेची खोली, समोर माईक. "या कामाला हात लागत नाहीत," असं तिनंच नोकरी धरताना सांगितलं होतं. घरात ती काचेचं भांडं उचलत नाही. दुसऱ्याचं तान्हं मूल मांडीवर घेत नाही. "नको गं, माझ्या हातून पडेल." लग्नाचं विचारलं की म्हणते, "गाडी रद्द करण्यात आलेली आहे, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आम्ही हसतो. आम्हाला हसायची सवयच लागली आहे.

तर इतक्या वर्षांनी मॅडम आल्या. मी त्यांना दुकानामागच्या खोलीत बसवलं. बाबा तिथेच असतात खुर्चीत. आता हात कापतात त्यांचे. चहा दिला तर अर्धा बशीत. तरी कानात काही कमी नाही. मॅडमनी पाणी घेतलं, पण प्यायल्या नाहीत. थोड्या वेळानं धांदल कामावरून आली, स्थानकाचा निळा कोट अंगात, घशाची गोळी गालात. मॅडमना पाहून दारातच थांबली.

"ये," मॅडम म्हणाल्या. "बस."

आमच्याच घरात आम्हाला बस म्हणतात. पण ती बसली.

मॅडमनी आडवळण घेतलं नाही, एवढं मी कबूल करते. "बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं आमचा प्रयोग करून पाहिला," त्या म्हणाल्या. "त्यांनी एकच मागणी केली. औषधाची ओळ जितकी लांब चालवली, तितकीच लांब चालवलेली बिनऔषधाची ओळ पाठवा. माझ्याकडे ती नव्हती."

"कशी असेल?" धांदल म्हणाली. "ती बिघडली की आपण टाकून द्यायचो. फ्रीझरमधून नवी काढायचो."

"ती बिघडत नव्हती."

"मी स्वतः चालवली," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. औषधाचा थेंब नाही. मध्ये फ्रीझर उघडला नाही. माझ्याही प्लेटा कोऱ्या आल्या."

धांदलनं गालातली गोळी दाताखाली फोडली. मला आवाज ऐकू आला. मग ती बोलायला लागली, तिच्या त्या माईकवरच्या आवाजात, सपाट, एकेक शब्द सुटा.

"सुई बनवायला ताकद लागते. सुपात सुईचं काम नाही. तिथे घुसायला पेशीच नाही, आयतं खायला मिळतं. मग ज्यानं सुई टाकून दिली तो लवकर वाढतो."

"हो."

"लवकर वाढतो म्हणून त्याचा ठिपका टपोरा."

"हो."

"आणि आपण टपोराच उचलायचो."

मॅडमनी मान खाली घातली. "मीच सांगायचे तसं."

"म्हणजे औषधानं काही झालंच नाही. जंतू आपल्या पाहुणचारानंच सुई विसरले. दोन्हीकडे." ती थांबली. "म्हणजे माझ्या प्लेटा बरोबर होत्या."

"त्याच बरोबर होत्या. सगळ्या प्रयोगशाळेत खरं बोलणाऱ्या तेवढ्याच होत्या. आणि त्या खरं बोलल्या की मी तुला त्या पुसायला लावायचे."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल, निदान पाण्याचा पेला तरी आडवा करेल. तिनं काही केलं नाही. मीच ओरडले. "मग तेव्हा का नाही हो पाहिलंत? ज्याचं हवं तसं येतंय त्याला हात लावायचा नाही आणि जिचं नकोसं येतंय तिला घाण म्हणायचं, हे कुठलं शास्त्र? आमच्या दुकानात दोन घड्याळांची वेळ जुळली नाही तर आम्ही दोन्ही उघडतो!"

"ताई," धांदल म्हणाली. "थांब जरा."

मॅडम म्हणाल्या, "ती बरोबर बोलतेय. मी निबंध मागे घेतेय. बाहेर कळायच्या आधी तुला कळावं म्हणून आले."

"मागे घेताना काय लिहिणार?"

"बिनऔषधाची ओळ सांभाळण्यात चूक झाली, असं."

"आणि ती कुणी सांभाळली ते आभारात आहेच."

खरंच सांगते, मॅडमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. एवढ्या हुशार बाई! हिला एकदा खोटं ठरवलं होतं, आता खरी ठरल्यावर पुन्हा खोटी ठरवायला निघाल्या होत्या, आणि तेही प्रामाणिकपणे.

"ते बदलते मी," त्या घाईनं म्हणाल्या. "स्पष्ट लिहिते."

"लिहा. पण आधी बोला. त्याच हॉलमध्ये, सोमवारी. जेवढ्या मोठ्यानं तेव्हा बोललात, तेवढ्या मोठ्यानं."

"माझा निरोपसमारंभ आहे गं या महिन्यात."

"मग गर्दी आयतीच जमेल," मी म्हटलं.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "मलाही ने. मला ऐकायचंय." पण जिने चढायचे होते. त्यांना नाही नेता आलं.

सोमवारी मी दुकान बंद ठेवून तिच्यासोबत गेले. आम्ही सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. मॅडम बोलल्या. टाळाटाळ केली नाही, 'त्या काळातली परिस्थिती' वगैरे लपवाछपवी केली नाही. औषधाचं खोटं ठरलं ते सांगितलं. मग धांदलचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाल्या, "याच जागेवर उभं राहून मी म्हणाले होते, की हिच्या हातात जंतूसुद्धा जगत नाहीत. तिचे हात स्वच्छ होते. घाण माझ्या डोक्यात होती." अशा बाईला ते बोलणं किती जड गेलं असेल ते मी जाणते. आणि तरी मला त्यांची दया आली नाही.

मी हॉलकडे पाहत होते. सगळी नवी पोरं. त्यांनी तो विनोद ऐकलेलाच नव्हता. त्यांना माफी कळली, पण अपराध माहीत नव्हता. त्यांनी छान टाळ्या वाजवल्या, एखाद्याला बक्षीस मिळाल्यावर वाजवतात तशा. जे हसले होते ते कुठे कुठे पांगले होते. कुणी परदेशी, कुणी कंपनीत, एक तर वारला होता. जुन्यांपैकी एकटा लाडका होता तिथे, पोट सुटलेला, आता विभागप्रमुख. तो मोबाइल बघत होता. बाहेर पडताना धांदलला म्हणाला, "मनावर घेऊ नकोस गं. तेव्हा सगळेच तसं करायचे." मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक चष्मेवाली मुलगी धावत आमच्या मागे आली. मला वाटलं, चला, एकीला तरी काही विचारायचंय. ती धांदलला म्हणाली, "तुम्ही बसस्थानकावर बोलता ना? तुम्ही तिथे मॅडमशी बोलत होतात तेव्हा आवाज ओळखीचा वाटला!"

"हो," धांदल म्हणाली. "तीच मी."

मॅडम आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. धांदलचं जुनं टेबल तसंच होतं, कडेला जळल्याचा डागसुद्धा. मॅडमनी एक प्लेट समोर ठेवली. जेलीवर ठिपके उगवले होते, काही टपोरे, मध्येमध्ये काही बारीक. "बघ," त्या म्हणाल्या. "या बारक्यांना अजून सुया आहेत. उचल एक. तुझ्या हातानं पुन्हा ओळ सुरू कर. निवृत्त व्हायच्या आधी जागा देते, काहीतरी व्यवस्था करते. ये परत."

धांदलनं कोटाच्या बाह्या वर केल्या. ठिपका उचलायची तार ज्योतीत लाल केली, निवू दिली. तिला सगळं आठवत होतं, हे माझ्यासारखीलाही दिसलं. मग तिनं तार बारक्या ठिपक्याकडे नेली आणि हात थरथरायला लागला. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी थांबेना. तार जेलीत रुतली आणि जेली फाटली.

"होतं असं," मॅडम पटकन म्हणाल्या. "माझ्याही हातून होतं. दुसरी घे."

"आली धांदल," ती हसून म्हणाली आणि तार ठेवून दिली.

जिना उतरताना मी तिला झापलं. आता सगळ्यांसमोर नाव धुऊन निघालं, बाई स्वतः ये म्हणतेय, मग अडतं कुठे? ती कठड्याला धरून उतरत होती, प्रत्येक पायरी बघून.

"ताई, वरून औषध ओतलं की बाहेरचे मरतात," ती म्हणाली. "ते आज मेले. जे आत गेलेत, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही गं."

तिनं मॅडमच्या त्या वाक्याला आत येऊ दिलं होतं, स्वतः कवेत घेऊन. आणि तिला तसं करायची सवय कुणी लावली, तर मॅडम भेटायच्या खूप आधी, आम्ही घरच्यांनी.

घरी आलो तर बाबा दुकानातल्या टेबलाशी जाऊन बसलेले. डोळ्याला भिंग लावलं होतं. कुणाचं तरी जुनं चावीचं घड्याळ उघडून समोर ठेवलं होतं. आता असली घड्याळं कुणी आणत नाही. ते त्यांनी कुठून शोधून काढलं देव जाणे.

"बोलली का ती बाई?"

"बोलल्या, बाबा. छान बोलल्या."

"कुणी ऐकलं?"

"पुष्कळ जण होते."

बाबांनी मान हलवली. मग शेजारचं स्टूल पायानं पुढे सरकवलं. त्या स्टुलावर ती जन्मात बसली नव्हती. "ये," ते म्हणाले. "हा एक स्क्रू बसवायचा राहिलाय. मला काही जमत नाही. तू बसव."

चिमटा त्यांनी तिच्याकडे केला, त्यात स्क्रू धरलेला. ती दारापाशी उभी होती, कोटाचे हात खिशात. "आता नको, बाबा," ती म्हणाली. "उशीर होतोय. कामावर जायचंय."

"एकच स्क्रू आहे."

"नको."

बाबांनी तरी हात तसाच पुढे धरून ठेवला. तो कापत होता. चिमटा उघडला आणि स्क्रू पडला. टेबलाच्या कडेवर एकदा टणकन वाजला आणि खाली गेला.

धांदल लगेच पुढे आली. दोन्ही गुडघ्यांवर बसली, मोबाइलची बत्ती लावली आणि टेबलाखाली शिरून फरशी चाचपायला लागली. "थांबा, कुणी पाय हलवू नका," ती आतून म्हणाली. "माझाच धक्का लागला असेल."

ती दारापाशी होती. टेबलापासून चांगली लांब.

"तुझा नाही गं," बाबा म्हणाले. "माझ्या हातून पडला. माझ्याच हातून." वाकून तिला सांगायला गेले, पण त्यांना वाकता येत नाही. ती खाली शोधत राहिली.